नाळेतलं रक्त साठवलं नाही म्हणून आई निष्काळजी?

मृणाल: सुजाताताई, काल तुम्ही लिहिलंत की नाळेतल्या रक्तातल्या स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, हाडांतल्या अस्थिमज्जेपेक्षा कधीही सरस, आणि त्या न साठवणारे आईबाप निष्काळजी. आम्ही साठवल्या होत्या. सातव्या महिन्यात एजंट घरी येऊन बसला, हप्ते बांधून गेला. लेक आठ महिन्यांची असताना थॅलेसेमिया मेजर, आईबापांकडून येणारा रक्ताचा गंभीर आजार, निघाला आणि कळलं, त्या पिशवीतल्या पेशीपेशीत तोच दोष आहे. तिचंच रक्त तिला देऊन काय होणार? मग दर तीन आठवड्यांनी रक्त चढवणं. एवढासा हात फळीला बांधलेला, शीर सापडत नाही, आणि ती रडायची थांबून नुसती माझ्याकडे बघायची. शेवटी थोरल्या मुलाची अस्थिमज्जा जुळली. सख्ख्या भावंडात चारात एक शक्यता असते. साठवणुकीच्या पैशात आम्हा नवराबायकोची एचबीए२ तपासणी, थॅलेसेमियाचे वाहक आहोत का ते सांगणारी, कितीतरी वेळा झाली असती; ती मात्र कुणी सुचवली नाही.

सुजाता: लेकीचं वाचून वाईट वाटलं. पण एका घरावरून निकाल देऊ नका. १९८८ मध्ये पॅरिसला फॅन्कोनी अॅनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा मुलगा बहिणीच्या नाळेतल्या रक्तावरच वाचला ना? जुळणी थोडी कमी असली तरी चालते, दात्याला सुईसुद्धा लागत नाही. माझ्या मावसभावाला अस्थिमज्जेचा दाता मिळाला होता, ऐनवेळी दात्याच्या घरच्यांनी त्याला मागे खेचलं. भाऊ गेला. पिशवी मागे फिरत नाही.

समीर: दाते पळतात ते 'मणक्यात सुई घालतात' या अफवेमुळे! रक्तविकाराच्या वॉर्डात अकरा वर्षं काढलीत मी. हल्ली बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन हाताच्या शिरेतूनच पेशी काढतात. आणि ताई, पिशवीत पेशी मोजक्याच. मोठ्या माणसाला सहसा एक पुरत नाही, पांढऱ्या पेशी वर यायला जास्त दिवस लागतात, तेवढे दिवस जंतुसंसर्गाची धास्ती.

विनायक: स्टेम सेलचं नाव काढू नका. माझ्या गुडघ्यात पोटाच्या चरबीतल्या भरल्या. पावणेदोन लाख गेले. आजही जिना कठडा धरून चढतो.

केतकी: काका, सरसकट बोलू नका. माझ्या आईला त्याच इंजेक्शनने फरक पडलाय. आता ती मांडी घालून जेवायला बसते.

समीर: फिजिओथेरपीही चालू होती का?

केतकी: होती. म्हणून काय?

विनायक: म्हणून काय म्हणजे? फंडाचे पैसे होते माझे ते!

समीर: रक्त बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, चरबीतल्या वेगळ्या. रक्तविकारांत उपयोग सिद्ध झालाय, गुडघ्याची कूर्चा पुन्हा उगवते हे नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार संशोधनाच्या चाचणीबाहेर द्यायचेच नाहीत. स्वतःसाठी नाळेतलं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही, हेही त्यातच आहे. थोरलं मूल अशा आजाराचं असेल तर धाकट्याचं साठवा, असं म्हटलंय.

केतकी: आईचं दुखणं कमी झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तत्त्वं तुमच्याकडेच ठेवा.

सुजाता: पॅरिसचं माझं उदाहरणही भावंडाचंच होतं. ठीक आहे, 'निष्काळजी' शब्द मागे घेते. पण दाता पळाला की काय होतं ते मी पाहिलंय. नाळेतलं रक्त कुणासाठीही साठवणाऱ्या सार्वजनिक बँका वाढायलाच हव्यात, यावरून मी हलणार नाही.

मृणाल: त्याला माझा विरोध कधीच नव्हता. शब्द मागे घेतलात, बरं वाटलं. थोरला अजून कमरेवरच्या सुयांच्या खुणा सगळ्यांना दाखवत फिरतो. आणि त्या पिशवीच्या या वर्षीच्या फीची नोटीस परवाच आली आहे.