गिनी फाऊल: चरबी सुटतेय, छाती भरत नाही. प्रथिन वाढवू की ऊर्जा कमी करू?

वसईचा_खुराडा: नमस्कार मंडळी. मांसासाठी पाळलेले 200 गिनी फाऊल (कोंबडीसारखा ठिपकेदार पक्षी), वय 9 आठवडे. आठव्या आठवड्यापर्यंत ब्रॉयलर स्टार्टर (मांसाच्या कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य) दिलं. आता खर्च कमी करायला ब्रॉयलर फिनिशर (विक्रीआधीच्या वयाचं खाद्य) आणि मक्याचा भरडा निम्मा-निम्मा चालू आहे. वजन थोडंफार वाढतंय, पण छातीचं हाड बोटाला धारदार लागतं आणि पक्षी कापला की गिझार्डभोवती (दाणे दळणाऱ्या जठराभोवती) पिवळ्या चरबीचा गोळा निघतो. काय बदलू?

दाणा_बंदर: गणित भरड्यानेच बिघडलंय. फिनिशरमध्ये प्रथिन साधारण 19 टक्के, ऊर्जा किलोला 3150 किलोकॅलरी. मक्यात प्रथिन जेमतेम 8.8 आणि ऊर्जा 3350. निम्मा-निम्मा केला की प्रथिन 14 वर येतं आणि ऊर्जा 3250 वर जाते. पक्षी बऱ्याच अंशी ऊर्जेची गरज भागेपर्यंतच खातो. ती लवकर भागली की तो चोच आवरतो, मग मांसाला लागणारं प्रथिन पोटात जातच नाही आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन साठते. शिवाय मेथिओनिन (प्रथिनाचा एक आवश्यक घटक, अमिनो आम्ल), खनिजं, जीवनसत्त्वंही कमी झाली. त्यामुळे प्रथिन किती टक्के एवढंच बघू नका, ऊर्जेला प्रथिनाने भागा. पहिले 4 आठवडे हा आकडा 120 च्या आसपास, 5 ते 8 मध्ये 150, त्यानंतर 175. तुमचा सध्या 230 आहे!

परळ_पशुआहार: सहमत. घरी मिसळायचं तर 100 किलोचं माप देतो.
0-4 आठवडे (प्रथिन 24 टक्के, ऊर्जा 2880): मका 50, सोया पेंड 43.5, तेल 2.5.
5-8 आठवडे (20 टक्के, 3000): मका 61.5, पेंड 32, तेल 2.5.
9 पासून विक्रीपर्यंत (17 टक्के, 3000): मका 71, पेंड 24, तेल 1.
प्रत्येकात उरलेले 4 किलो म्हणजे डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 1.8, चुनखडी 1.2, मीठ 0.3, डीएल-मेथिओनिन 0.2, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांची तयार भुकटी) 0.5. मेथिओनिन आणि प्रीमिक्स आधी 2-3 किलो भरड्यात नीट मिसळा, मगच ढिगात टाका. नाहीतर एका गोणीत जास्त, दुसरीत काहीच नाही.

पहिल्या 4 आठवड्यांत काटकसर नको. तेव्हा खुंटलेलं पिल्लू पुढे भरून निघायला फार वेळ घेतं. उलट 9 आठवड्यांनंतर 22-24 टक्के देणंही वायाच: जादा प्रथिन युरिक ॲसिड होऊन विष्ठेत जातं, लिटर (खुराड्यात अंथरलेला भुसा) ओलं होतं, अमोनियाने डोळे झोंबतात.

वसईचा_खुराडा: आभारी आहे. तयार ब्रॉयलर खाद्यच चालू ठेवलं तर? आणि पेंडीत भेसळ असेल तर कसं कळायचं?

दाणा_बंदर: तयार खाद्य चालेल, पण भरडा पाचात एक भागापेक्षा जास्त नको. चार भाग फिनिशर, एक भाग मका घातला की प्रथिन 17 टक्क्यांच्या आसपास बसतं. पिशवीवर मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी नावं आहेत का ते आधी वाचा; कोंबडीला चालणारी ही औषधं गिनी फाऊलला बाधू शकतात, पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नका.

पेंडीत युरिया असेल तरी प्रयोगशाळेत प्रथिन भरपूर दिसतं, कारण तिथे मोजतात तो नायट्रोजन. म्हणून प्रथिनाबरोबर युरियाची चाचणीही मागा.

परळ_पशुआहार: पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत मक्यातला ओलावा 12-13 टक्क्यांपेक्षा जास्त राहिला तर बुरशी लागते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. गोणी भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर ठेवा. तेल मिसळलेलं खाद्य दोन आठवड्यांच्या वर ठेवू नका, खवट होतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात पक्षी कमी खातात. तेव्हा पेंड वाढवू नका, प्रथिन पचवताना शरीरात उष्णता वाढते. 100 किलोमागे 1-2 किलो मक्याऐवजी तेल घाला, किंचित लायसिन (हेही अमिनो आम्ल) आणि मेथिओनिन वाढवा, आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी द्या.

खाद्य बदलताना 4 दिवस जुनं-नवं मिसळून द्या. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, सकाळच्या खाद्याआधी 20 पक्षी तोला आणि प्रत्येकाच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवा.