मिशी, झगे आणि अमेरिकेतला 45वा नंबर

सदाशिवपेठी
कालची पोस्ट वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय. म्हणे, ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत क्वीन या इंग्लिश रॉक बँडने बायकी थेरं केली आणि अमेरिका हातची घालवली. हे पुण्यात बसून लिहिता? नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव देणाऱ्या गावात? 1911 साली ‘मानापमान’मधल्या बालगंधर्वांच्या भामिनीवर लोक जीव टाकायचे, घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या. आणि 1984 मध्ये चौघांनी बायकांचे कपडे घालून घरकाम केलं की लगेच थेरं! अमेरिकेतल्या एमटीव्ही या गाण्यांच्या चॅनेलने नाकं मुरडली, तो एमटीव्हीचा कोतेपणा. इंग्लंडात गाणं 3 नंबरवर गेलंच ना?

बेसवाला (कालची पोस्ट माझीच)
‘थेरं’ हा शब्द मागे घेतो, मुद्दा मागे घेत नाही. त्याच अल्बममधलं ‘रेडिओ गा गा’ अमेरिकेत 16व्या नंबरपर्यंत गेलं, हे 45वर अडकलं. मला राग याचा येतो की गाणं जॉन डीकनचं आहे, बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या, सगळ्यात अबोल माणसाचं. 1980 मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ही त्याचंच. पण आज कुणालाही विचारा, व्हिडिओतला गायक फ्रेडी मर्क्युरीचा व्हॅक्यूम क्लीनर आठवतो, डीकन नाही. मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. पोस्टरवर नाव एकदाही आलं नाही.

वाईकर
फ्रेडी आमच्या पाचगणीचा! सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पसरणी घाट चढताना गाडीत त्याचीच गाणी लावतो आम्ही.

बेसवाला
झालं! पुन्हा फ्रेडी. डीकनबद्दल कुणी बोलणार आहे का?

संगीतनाटकवेडी
बालगंधर्वांना यात ओढू नका. पोटची मुलगी गेली त्याच दिवशी त्यांनी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला. ती साधना होती. इथे फ्रेडीची मिशी तशीच ठेवून थट्टा चाललीय. माझ्या आजोबांनी ‘एकच प्याला’मधली त्यांची सिंधू पाहिली होती, सांगतानासुद्धा त्यांचा गळा दाटायचा. तुलना करताना थोडी तरी लाज बाळगा.

सदाशिवपेठी
लाज कसली काढता? त्याच व्हिडिओत मधे बॅलेचा तुकडा आहे, रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबर. त्याच्यासाठी फ्रेडीने ती लाडकी मिशी उतरवली होती. ती कोणती थट्टा?

संगीतनाटकवेडी
एका तुकड्यापुरती मिशी काढली म्हणून कुणी गंधर्व होत नाही. तुम्हाला पुरुषाने स्त्री उभी करणं म्हणजे काय हे कळतच नाही.

सदाशिवपेठी
मला कळत नाही? ताई, 1986 च्या गॅदरिंगला मी स्त्री-भूमिका केली होती. आईची अंजिरी नऊवारी, मावशीची नथ, मोगऱ्याचा गजरा. विंगेत उभा होतो तेव्हा हात इतके कापत होते की बांगड्या वाजत होत्या. टाळ्या भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात एक सर सगळ्यांसमोर मला ‘काय बाई, आज पातळ नाही का?’ म्हणाले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. परत रंगमंचावर गेलो नाही. त्यानंतर मित्राकडे घासलेल्या व्हिडिओ कॅसेटवर हे गाणं पाहिलं. जगातल्या एवढ्या मोठ्या बँडने हे उजळ माथ्याने केलं होतं. तीनदा कॅसेट मागे घेऊन पाहिलं. म्हणून त्याला थेरं म्हटलं की मला लागतं.

बेसवाला
हे माहीत नव्हतं. व्हिडिओमुळे अमेरिकेत फटका बसला हे मी अजूनही म्हणणार. पण चूक त्यांची, हे वाक्य काढून टाकतो. आणि गाणं डीकनचं, एवढं तुम्हीही एकदा लिहा.

सदाशिवपेठी
गाणं जॉन डीकनचं. लिहिलं.

संगीतनाटकवेडी
तुलना मला पटलेली नाही, पटणारही नाही. त्या सरांनी मात्र वाईट केलं. नऊवारी कुणी नेसवली होती?

सदाशिवपेठी
आईने. वडिलांना न सांगता.