फादरांनी वेदीवरून मतदानावर बोलावं का?

वसईकर आजोबा: वय ७४. केळीची वाडी, विहीर मचूळ झालेली. परवा चर्चच्या मिस्सामध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत, फादर पाण्याचे टँकर आणि मतदानावर बोलले. मुलगा म्हणतो, "देवळात राजकारण कशाला?" अरे, आपले लेखक-धर्मगुरू फादर दिब्रिटो वसईची हिरवाई वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीसाठी रस्त्यावर उतरले, ते काय होतं मग?

नगरची लेक: काका, आमच्याकडे राजकारण जातीच्या दाखल्यातच आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच. १९५६ला शीख, १९९०ला बौद्ध आत आले. धर्मांतरित ख्रिस्ती अजून बाहेरच.

पाववाला: पाण्यावर बोला की! पक्षाचं नाव नको, बस.

वसईकर आजोबा: नाव घेतलंच नाही रे. उमेदवारच पुढच्या बाकावर येऊन बसलेला, क्रुसाची खूण उलटी करत. माझी बायको हसू दाबून लाल झाली.