मेंढीकोट: सलग डाव नशिबाने लागतात की पिसण्याने?

चौकटराजा: मेंढीकोट हा चौघांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ. एकाच जोडीने ओळीने पाच डाव घेतले की "आज त्यांचा हात चालतोय" म्हणत लोक जागा बदलतात, कॅट (पत्त्यांचा जोड) बदलतात. काही गरज नाही. दोन्ही जोड्या तुल्यबळ धरल्या तरी 20 डावांच्या बैठकीत कुणाचे तरी सलग पाच किंवा जास्त डाव लागण्याची शक्यता 46 टक्के असते. पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही.

किलवर७: अजिबात पटत नाही. नीट न पिसलेल्या कॅटला मागचा डाव चांगलाच आठवतो! प्रत्येक हातात, म्हणजे चौघांनी एकेक पान टाकलं की, चार पानं पडतात, बहुतेक एकाच रंगाची (सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम, असं), आणि ती तशीच गोळा होतात. मग आपण गठ्ठे सोडत पिसतो. एका फेरीत आठ गठ्ठे सुटले, तर 51 जोडांपैकी फक्त सात मोडले. त्यावर वाटप 5-4-4, म्हणजे एकेकाला आधी पाच, मग चार, मग चार पानं. म्हणजे एका रंगाची चार पानं एकाच माणसाकडे, आणि दुसरा त्या रंगात कोरा. व्यवस्थित पिसलं असेल तर तुमच्या स्वतःच्या हातात एका रंगाची सात किंवा जास्त पानं येण्याची शक्यता जेमतेम 4 टक्के. तुमच्याकडे दर दुसऱ्या डावात तसं होत असेल तर दोष पिसण्याचा आहे. कॅटचे दोन भाग करून कडा फरफरवत एकमेकांत घाला, सात वेळा. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये हे गणिताने दाखवलंय. जमत नसेल तर पानं उपडी पसरून मिनिटभर ढवळा.

चौकटराजा: गठ्ठ्यांमुळे पानं विचित्र येतात, मान्य. पण ती चौघांपैकी कुणालाही येतील. त्याने एकच जोडी का जिंकत राहील?

इस्पिकराणी: कारण नियमात आहे. वाटणारा हरला तर पुन्हा तोच वाटतो. जिंकला तर वाटप उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याकडे जातं. म्हणजे पिसणं कायम हरलेल्यांवर. बंद हुकमात, म्हणजे पान उपडं ठेवून हुकूम (बाकी रंगांना मारणारा रंग) ठरवायच्या प्रकारात, वाटणाऱ्याच्या उजवीकडचा हुकूम लावतो, म्हणजे कायम जिंकलेली जोडी! समजा त्यामुळे त्यांची शक्यता 50 ऐवजी 60 टक्के झाली, तर पुढचे चारही डाव त्यांचेच होण्याची शक्यता 6 वरून 13 टक्के होते. चौकटराजा, तुमचे 46 टक्के प्रत्येक डाव स्वतंत्र धरून काढलेत. इथे तो स्वतंत्र नाही.

चौकटराजा: मग वाटप दर डावाला फिरतं ठेवा.

किलवर७: नको, हरणाऱ्याने पिसायचं यातच खरी चुरस आहे. त्यापेक्षा कट हुकूम खेळा. ज्याच्याकडे पहिल्यांदा उतारीचा (हातात सर्वात आधी टाकलेल्या पानाचा) रंग नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा हुकूम. तिथे आधीच्या जिंकणाऱ्याकडे फक्त पहिली उतारी राहते.