रंग बदलला, तरी जुन्या लेखांतली उपशीर्षकं निळीच. असं का?

शाईपेन:
नमस्कार मंडळी. एका त्रैमासिकाची वेबसाइट मी सांभाळते. वर्डप्रेस आहे. मजकूर लावणं, फोटो टाकणं, मुद्रितशोधन हे माझं काम. कोड दिसला की मी खिडकी बंद करते.

आम्ही जुनी थीम (साइटचा तयार साज) काढून ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह लावली. साइट एडिटरच्या ‘स्टाइल्स’मध्ये जाऊन शीर्षकांचा रंग विटकरी केला. नवे लेख झकास दिसतात. जुन्या अंकांतल्या काही उपशीर्षकांनी मात्र निळा रंग सोडलेला नाही. एकाच लेखात वरचं उपशीर्षक विटकरी, खालचं निळं! कॅशे (साठवलेली जुनी पानं) साफ केला, दुसऱ्या ब्राउझरात पाहिलं, फरक शून्य.

दुसरं, दोन ओळींचं शीर्षक आलं की खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात.

आणि तिसरं, उपसंपादकांच्या हातून रंगांचा डबा काढून घेता येतो का? एकाला जांभळा फार आवडतो. नाव सांगत नाही.

मागचा_बाक:
शाईपेनताई, कॅशेचा काही दोष नाही. निळा रंग त्या लेखांच्या पोटात आहे.

ब्लॉक एडिटरमध्ये (म्हणजे २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून आलेल्या) लेखाचा प्रत्येक तुकडा, म्हणजे परिच्छेद, शीर्षक, फोटो, हा एक ब्लॉक असतो, आणि त्याला रंग दोन तऱ्हांनी लागतो. थीमच्या पॅलेटमधली (ठरावीक रंगांच्या संचातली) गोल टिकली निवडली, तर लेखात फक्त त्या रंगाचं नाव साठतं. पॅलेटमध्ये त्या नावाचा रंग बदला, लेखातलाही बदलतो. पण कोणी रंगपट्टी उघडून स्वतः रंग उचलला, तर हॅश चिन्ह आणि पुढची सहा अक्षरं जशीच्या तशी त्या ब्लॉकवर चिकटतात. मग तुम्ही ‘स्टाइल्स’मध्ये काहीही करा, त्या ब्लॉकला पत्ता नसतो. उतरंडच तशी आहे: सर्वांत खाली वर्डप्रेसचे मूळ नियम, त्यावर थीमचे, त्यावर तुम्ही ‘स्टाइल्स’मध्ये केलेले, आणि सगळ्यांच्या डोक्यावर त्या एका ब्लॉकला दिलेला रंग.

जी शीर्षकं मुकाट विटकरी झाली, त्यांना एकतर स्वतःचा रंगच नव्हता, किंवा जुन्या थीमच्या पॅलेटमधलं एखादं नाव होतं जे नव्या थीमला ठाऊक नाही. अशी नावं लेखात तशीच पडून राहतात, कोणाला त्रास देत नाहीत.

मी छापील अंकांच्या जुळणीतून या कामात आलो. पेजमेकरमध्ये पॅराग्राफ स्टाइल न लावता हाताने ठळक-तिरकं करणाऱ्यांवर आमचे साहेब उखडायचे. इथेही दुखणं तेच आहे, फक्त पडदा वेगळा.

उपाय: निळ्या शीर्षकावर क्लिक करा, उजव्या पट्टीत रंगांच्या शेजारी तीन टिंबं आहेत, तिथून रंग रीसेट करा. शीर्षकं बरीच असतील तर एकाला पॅलेटमधला विटकरी द्या, त्याच्या ब्लॉक-मेनूतून ‘कॉपी स्टाइल्स’ करा, बाकीची एकत्र निवडा आणि ‘पेस्ट स्टाइल्स’. ही सोय ६.२ पासून आहे. त्यासाठी साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित पत्त्यावर) हवी.

अर्धविराम:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? डेटाबेसमध्ये जुना हेक्स (तो हॅशवाला रंगाचा कोड) शोधा, नवा भरा. पाच मिनिटांचं काम.

मागचा_बाक:
@अर्धविराम, चालेल, पण पुढच्या वेळी रंग बदलला की पुन्हा तेच. निळ्याचा गुलाम होता तो विटकरीचा झाला.

आणि हेक्स काढून त्या जागी पॅलेटचं नाव घालायला गेलात तर जपून. प्रत्येक ब्लॉकचा रंग दोन ठिकाणी लिहिलेला असतो: ब्लॉकच्या माथ्यावरच्या टिप्पणीत (कोडमधली, वाचकाला न दिसणारी ओळ) आणि खालच्या एचटीएमएलमध्ये. एकीकडे बदलला आणि दुसरीकडे राहिला की एडिटर तो ब्लॉक अवैध ठरवतो आणि दुरुस्तीचं बटण पुढे करतो. वाचकाला काही जाणवत नाही, पण लेख पुन्हा उघडणाऱ्या उपसंपादकाची पाचावर धारण बसते. करायचंच तर जाणकाराकडून, आधी बॅकअप घेऊन.

जांभळ्याचा बंदोबस्त: ‘एडिटर’ भूमिकेच्या माणसाला ‘स्टाइल्स’मध्ये मुळात शिरता येत नाही, तिथे ॲडमिनच लागतो. लेखातल्या ब्लॉकला मात्र तो हवा तो रंग देऊ शकतो. थीमच्या ‘थीम डॉट जेसन’ फाइलमध्ये कस्टम रंग बंद केले की रंगपट्टी नाहीशी होते आणि पॅलेटच्या टिकल्या तेवढ्या उरतात. हा बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या तुमच्या वेगळ्या थीममध्ये) करून घ्या, नाहीतर थीमचं पुढचं अपडेट तो धुऊन टाकेल. आधी चिकटलेले जांभळे यानं जात नाहीत, ते हातानेच काढायचे. माझ्या मते नव्या एडिटरची खरी किंमत इथेच आहे. काय काय करता येतं याची जाहिरात सगळे करतात. काय काय बंद करता येतं ते कोणी सांगत नाही.

टाचणी:
वेलांट्यांबद्दल. ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हचा मूळ फॉन्ट मॅनरोप आहे आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. त्यामुळे मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फोन-संगणकातल्या फॉन्टमध्ये उमटतो. तुम्हाला दिसतं ते वाचकाला दिसेलच असं नाही.

‘स्टाइल्स’मध्ये टायपोग्राफीत जा, तिथे फॉन्ट लायब्ररी आहे (६.५ पासून). गूगल फॉन्ट्सना एकदा परवानगी द्या आणि ‘मुक्त’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट बसवा. फाइल्स तुमच्याच सर्व्हरवर उतरतात, पानागणिक बाहेर हात पसरावा लागत नाही. फॉन्टची सगळी वजनं (जाडीचे प्रकार) उतरवू नका. साधं आणि ठळक पुरे.

मग शीर्षकांची लाइन-हाइट (ओळीची उंची) वाढवा. रोमन लिपीसाठी बेतलेल्या थीममध्ये ती १.१-१.२ च्या आसपास असते. आपल्याला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. १.४ पासून सुरू करून डोळ्यांनी ठरवा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा, वाढवलं की शिरोरेषा तुटते.

शाईपेन:
मागचा_बाक, एका लेखावर करून पाहिलं, शीर्षकं वळणावर आली. टाचणी, ‘मुक्त’ लावला, १.४५ ला सगळं सुटसुटीत दिसतंय.

आता चौकटी राहिल्या. प्रत्येक अंकात माहितीच्या चौकटी असतात आणि प्रत्येकीचा पिवळा वेगळा.

टाचणी:
चौकटीला हाताने पार्श्वभूमी देऊ नका. ग्रुप ब्लॉक (अनेक ब्लॉक एकत्र बांधणारा) घ्या, उजव्या पट्टीत त्याच्या तयार शैली दिसतील, त्यातली एक चौकटींसाठी मुक्रर करा. ६.६ पासून अशी शैली आतल्या शीर्षक-दुव्यांचे रंगही सांभाळते. ‘स्टाइल्स’मध्ये ग्रुप ब्लॉकखाली त्या शैलीचा पिवळा बदलला की सगळ्या चौकटी एकदम बदलतात.

मागचा_बाक:
आणि हात लावण्याआधी ‘स्टाइल्स’च्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह पाहून ठेवा. आधीच्या शैली तारखेनुसार तिथे असतात, बिघडलं तर मागे जाता येतं. मात्र ते फक्त ‘स्टाइल्स’पुरतं, लेखात केलेल्या बदलांचा इतिहास त्या त्या लेखातच शोधायचा.

शाईपेन:
ते चिन्ह दिसलं. पिवळा कोणता यावर संपादक मंडळात एकमत झालं की चौकटींना हात घालते. तोवर जांभळ्याचा बंदोबस्त.