मॉरिशसमधला एक दिवस: तुमचे अनुभव सांगा

मॉरिशसला जाऊन आलेल्यांकडून किनारे आणि रिसॉर्टबद्दल भरपूर ऐकलंय. इथे तिथले प्राणी-पक्षी आणि तिथली माणसं यांच्याबद्दल लिहूया. एकाच दिवसाचं लिहिलंत तरी चालेल. सुरुवात मी करते.

आम्ही माएबूरजवळून बोटीने इल ओ एग्रेत नावाच्या २६ हेक्टरच्या बेटावर गेलो. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं, पण हे चिमुकलं बेट प्रवाळाच्या खडबडीत चुनखडीचं. चपला घालून आलेल्यांचे हाल झाले. मॉरिशसची स्वतःची महाकासवं खलाशांनी खाऊन संपवली. त्यांचं काम आता सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाहून आणलेली कासवं करतात: फळं खायची आणि शेणातून बिया रानभर पेरायच्या. वाटाड्याने एका कासवाची मान हलकेच खाजवायला सांगितली. क्षणभर काहीच नाही. मग ते हळूहळू चारही पायांवर उंच झालं, मान लांब ताणली आणि डोळे मिटून उभंच राहिलं. मानेची कातडी खरखरीत, उन्हाने कोमट झालेली. मला तिथून हलवेना. डोक्यावरच्या फांदीवर गुलाबी कबूतर होतं, पायात रंगीत कडी. १९९०च्या सुमारास जंगलात अशी जेमतेम दहा उरली होती.

देवगडहून:
माझी हापूसची कलमं आहेत, म्हणून मी फळखाऊ वटवाघळांबद्दल लिहितो. संध्याकाळी ती डोंगरातून थव्याने निघाली आणि घरच्या मंडळींनी माना वर केल्या. तिथे लिची-आंब्याचं नुकसान होतं म्हणून सरकारने २०१५ पासून हजारोंनी वटवाघळं मारली. बागायतदाराची पोटतिडीक मला कळते. पण तिथल्या मूळ झाडांच्या बिया दूरवर नेणारं हेच मोठं जनावर उरलंय. झाडांवर जाळी टाकणं महाग असलं तरी मी जाळीच्याच बाजूचा.

पुण्याहून, निवृत्त भूगोल शिक्षक:
मला सगळ्यात भिडले ते उसाच्या शेतातले काळ्या दगडांचे ढीग. काही तर घराएवढे उंच. ऊस लावायचा तर आधी जमीन मोकळी हवी, म्हणून मजुरांनी हे दगड हाताने वेचून रचले. १८३४ पासून आपल्या देशातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर तिथे गेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातलेही होते. सह्याद्रीचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्थळावर बाहेर पडला, त्याच स्थळाने पुढे मॉरिशस घडवलं आणि आज शेजारच्या रियुनियनचा ज्वालामुखी तेच पेटता ठेवतंय. म्हणजे घरापासून इतक्या लांब येऊन त्या माणसांनी उचलला तो ओळखीचाच काळा कातळ. मी एक दगड हातात घेतला आणि परत ढिगावर ठेवला.

चिपळूणहून:
मी थोडक्यात लिहितो. फर्नीच्या दरीत मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे छोटा ससाणा पाहिला. जंगलतोड आणि डीडीटी या कीटकनाशकामुळे १९७४ साली जंगलात हे फक्त ४ उरले होते. समोरच्या फांदीवरून तो सरड्यावर झेपावला. मी कॅमेरा काढलाच नाही.

गुहागरहून:
आम्ही गणपतीत गेलो होतो. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. कास्काव्हेल या मराठी वस्तीच्या गावात एका घरी बोलावणं होतं. आरती सगळ्यांची तोंडपाठ, टाळ्यांचा ठेकाही आपलाच. आरती संपली आणि सगळे क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत बोलायला लागले. एका आजींनी मोदक हातावर ठेवत मराठीत विचारलं, "गाव कुठलं?" मी गुहागर म्हटलं. त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं. त्यांच्या पणज्याचं गाव रत्नागिरीकडचं, एवढंच घरात माहीत होतं.

रात्री अंगणात पुरुषांनी गोल धरला. त्याला ते झाकरी म्हणतात. ढोलकी सुरू झाली, पावलं पुढे-मागे पडायला लागली आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडून निघालं, "अगं, ही तर आपली जाखडी!" चौथ्या-पाचव्या पिढीची ती मुलं. गाण्यातले काही शब्द त्यांना कळत नव्हते, मलाही कळले नाहीत, पण पाऊल एकाचंही चुकलं नाही. नवऱ्याने चपला काढल्या. दोघांनी सरकून त्याला गोलात जागा करून दिली.