ग्रंथपालाला कॉम्प्युटर कशाला, ऑपरेटर ठेवा म्हणे!

ओपॅकवाली:
काल आपल्या लायब्ररीवाल्यांच्या ग्रुपवर एका सरांनी लिहिलं की ग्रंथपालांच्या कॉम्प्युटर ट्रेनिंगवर पैसे घालवू नका, एक ऑपरेटर ठेवा, ग्रंथपालाने ग्रंथ सांभाळावे. रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितेय. मी नागपुरातल्या एका कॉलेजात १६ वर्षं आहे. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या समितीच्या, तपासणीआधी आम्ही पण ऑपरेटरच ठेवला होता. पोरगा हुशार, टायपिंग फास्ट. पण पुस्तकाच्या नोंदीत १०० नंबरच्या रकान्यात लेखक, २४५ मध्ये पुस्तकाचं नाव जातं हे त्याला सांगणार कोण, ही नोंदीची ‘मार्क’ पद्धत मलाच धड येत नव्हती. त्याने संपादकाला लेखक केलं, अनुवादकाला लेखक केलं, डेवीचा नंबर, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा, ०८२ ऐवजी शेऱ्यात टाकला. ९ हजार पुस्तकं अशी चढली आणि तो दुसरी नोकरी लागून गेला. मग मे महिन्यात हार्ड डिस्क बसली, आणि बॅकअप कुठे होता? त्याच डिस्कवर. बॅकअप दुसरीकडे ठेवायचा असतो हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं. ट्रेनिंग मला मिळायला हवं होतं, त्याला नाही.

महालचे_काका:
ताई, ते सर म्हणजे मीच. ३१ वर्षं लायब्ररीत काढली, कार्डाचा ड्रॉवर न उघडता पुस्तक काढून देत होतो. ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये लायब्ररीची पाच सूत्रं दिली, त्यात वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं आहे, की-बोर्ड नाही. आणि ट्रेनिंग म्हणजे काय होते सांगू का? दोन दिवस हॉल, पीपीटी, तर्री-पोहे, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. मी असे ७ केले, एकातही माऊस हाती आला नाही. त्या पैशात पुस्तकं घ्या म्हणतो, काय चुकलं?

ओपॅकवाली:
काका, चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा हेच आहे नं! आणि ट्रेनिंग वाईट होतं म्हणून ट्रेनिंगच नको? आम्हाला ते आमच्याच मशीनवर, आमच्याच पुस्तकांवर, महिनाभर दर शनिवारी पाहिजे.

तालुक्याची_लायब्ररी:
आधी पगाराचं बोला जी. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदान आहे, वाचनालयांचे वर्ग आहेत, पण आम्हा सार्वजनिक वाचनालयवाल्यांना वेतनश्रेणी नाही. मी सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडतो अन् दुपारी एका दुकानाचे हिशेब लिहितो. तुम्ही कॉलेजवाले नेहमी म्हणता, लायब्ररीचं कोहा सॉफ्टवेअर फुकट आहे. मान्य, २००० साली न्यूझीलंडच्या एका लायब्ररीने सुरू केलं आणि जगाला देऊन टाकलं. पण ते लिनक्सवर चढवणार कोण, लाइट गेली तर इन्व्हर्टर कोण देणार? कॉलेजवाल्यांनी आम्हाला शिकवू नये.

फॉन्टपीडित:
तुमचं पगाराचं खरं आहे भाऊ, पण मराठीचं कोणीच बोलून राहिलं नाही. परवा एक मुलगी प्रोजेक्टसाठी ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ शोधत होती. सर्चमध्ये शून्य. अन् पुस्तक तिच्या पाठीमागच्या रॅकमध्ये उभं! कारण त्या ऱ्याच्या दोन जाती आहेत. कोणी ऱ ला हलंत लावून टाइप करतो, कोणी र, हलंत आणि मधे एक न दिसणारा जोडक टाकून. डोळ्याला सारखंच दिसतं, आमच्या सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात जुन्या नोंदी डीव्हीबी या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. युनिकोडात कन्व्हर्ट केल्या की पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते, कारण जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची. रफाराचं तेच. एमएस-सीआयटीत वर्ड-एक्सेल शिकलो, हे कोणी शिकवलं नाही.

महालचे_काका:
म्हणूनच म्हणतो, इनस्क्रिप्ट हा मराठी की-बोर्ड शिका! तुम्ही लोकं इंग्रजीत `shetkari` ठोकता आणि मग मराठीला दोष देता.

फॉन्टपीडित:
काका, इनस्क्रिप्ट मी २०११ पासून वापरतो, मोबाइलवर पण. उगाच काहीतरी गृहीत धरून बोलू नका. प्रश्न माझ्या बोटांचा नाही, माझ्या आधी ४ जणांनी ४ तऱ्हेने टाइप केलं त्याचा आहे. त्यातले दोघं ऑपरेटरच होते.

तालुक्याची_लायब्ररी:
आमच्याकडे तर एकच लेखक तीन तऱ्हेने आहे. आडनाव आधी, नाव आधी, आणि नुसती आद्याक्षरं.

ओपॅकवाली:
हे ठरवणं ग्रंथपालाचंच काम आहे नं, काका? कार्डावर कोणाचं नाव आधी लिहायचं हे तुम्हीच ठरवत होता, चपराशी नाही.

महालचे_काका:
(दुसऱ्या दिवशी) ते ठरवत होतो, हो. मदतनीसाने एक कार्ड चुकीचं लावलं तर मी ड्रॉवरभर कार्डं काढून पुन्हा लावत होतो. रात्री पडल्या पडल्या तेच आठवत राहिलं. ऑपरेटरवर सोडा म्हणालो ते मागे घेतो. पण पीपीटीवाल्या ट्रेनिंगबद्दल एक शब्द मागे घेत नाही, आणि पगाराचं त्या भाऊंचं पण बरोबरच आहे, पोट भरत नसेल तर शनिवारी कोण येणार?

फॉन्टपीडित:
काका, आमच्या ६ हजार नोंदी तपासायच्या आहेत. कोणतं नाव कोणत्या लेखकाचं हे मला कळत नाही, तुम्हाला कळते. येता का?

महालचे_काका:
येतो. उन्हं उतरल्यावर, पाचनंतर. आणि मशीनसमोर मी बसणार, तुम्ही बाजूला.